सॅनिटायझर लावलं म्हणजे हात धुतले असं नाही

दादरला उतरल्यावर हे रोज दिसतं. तासभर लोकलचा दांडा धरून आलेला माणूस हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब चोळतो आणि लगेच वडापाव घेतो. कोरोनापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, की सॅनिटायझर लावलं की साबण नको. हा समज चुकीचा आहे.

कोरोना विषाणूवर चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते फोडतं, म्हणून तिथे सॅनिटायझर चालतं, तेही अल्कोहोल किमान 60 टक्के असेल आणि हात कोरडे होईपर्यंत चोळले तर. पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरणच नसतं. त्याच्यावर आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर अल्कोहोलचा फारसा उपाय चालत नाही. शिवाय घामट, तेलकट हातांवर ते नीट कामच करत नाही. आणि मुंबईच्या गर्दीतून आलेले हात कसे असतात, हे काय सांगायचं!

साबणाचं तसं नाही. त्याच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला. जंतू मरो न मरो, पाण्याबरोबर वाहून जातो. त्यासाठी 20 सेकंद चोळा, नखांच्या कडा आणि अंगठा विसरू नका. पर्समध्ये पेपर सोपची डबी ठेवा, ती खरंच उपयोगी पडते.

दांड्याला मात्र घाबरू नका. धडधाकट कातडीतून हे जंतू आत शिरत नाहीत, तोंड-नाक-डोळ्यांना हात लागला की शिरतात. आणि हात धुऊन झाल्यावर पहिल्यांदा उचलतो तो मोबाइलही रोज पुसा.