जुनी गाणी आणि रेडिओ (नागपूर)

नागपुरात जुनी गाणी म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात साधारण १९४५ ते १९८० मधली हिंदी फिल्मी गाणी येतात आणि त्यांच्या मागोमाग मराठी भावगीतं. ही हद्द काही पक्की नाही, ज्यांचं कॉलेज १९९० नंतर झालं ते लोक आता त्या काळातल्या गाण्यांनाही जुनी म्हणून राहिले. पण ही नोंद नुसत्या गाण्यांची नाही, रेडिओवर लागलेलं जुनं गाणं ऐकायच्या सवयीची आहे, आणि ती जरा वेगळी गोष्ट आहे. तेच गाणं मोबाईलमध्ये पाहिजे तेव्हा लावता येतं, तरी रेडिओवर ते अचानक लागलं की माणूस हातातलं काम सोडून आवाज वाढवतो आणि आतल्या खोलीत हाक मारतो, "अगं ऐक, काय लागलं पाहा!"

नागपूरला ही सवय इतकी मुरली त्याला जागाही कारण आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात हिंदी असं इथे कधीपासूनच चालतं, गाण्याच्या बाबतीत तर कोणाला दोन भाषांमध्ये फरकच वाटत नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि कार्यक्रम मराठी-हिंदी दोन्हींत होत गेले. सिव्हिल लाईन्समधल्या चौकाला लोक आकाशवाणी चौकच म्हणतात, ऑटोवाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागणारं हे केंद्र विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ऐकू यायचं, म्हणजे शेतातल्या मचाणावरचा ट्रान्झिस्टर आणि धरमपेठेतल्या दिवाणखान्यातला विणलेलं कव्हर घातलेला मोठा रेडिओ, दोन्हीकडे एकच निवेदक बोलायचा.

फिल्मी गाणी मात्र आकाशवाणीवर सहज आली नाहीत. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, त्यांना शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत न्यायचं होतं आणि फिल्मी गाण्यांवर त्यांनी कात्री लावली. श्रोते मग शॉर्टवेव्हवर श्रीलंकेतून ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथेच १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली, बुधवारी रात्री आठ वाजता घराघरात काटा तिकडे फिरायचा. एक गोष्ट लोक विसरतात की गीतमालेत वाजणारी गाणी तेव्हा नवी कोरी होती, ती जुनी नंतर झाली. खऱ्या अर्थाने जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सिलोनवर सकाळी असायचा, जुन्या सिनेमांच्या संगीताचा, आणि त्याचा शेवट कुंदनलाल सैगलांच्या गाण्याने व्हायचा. आमच्या बाबांना सैगल लागला की घड्याळ पाहायची गरज नसायची, आठ वाजायला आले हे त्यांना कळायचं आणि ते सायकल काढायचे.

आकाशवाणीने याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती ही मनोरंजनाची वेगळी सेवा सुरू केली, कवी पंडित नरेंद्र शर्मा हे तिच्यामागचं मोठं नाव. नागपूरसाठी दुसरी तारीख पण महत्त्वाची आहे, १ नोव्हेंबर १९६७, त्या दिवशी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि त्या मुंबई, पुणे, नागपूर या तीन केंद्रांवरून झाल्या. भूले बिसरे गीत, फौजी भाईंसाठी जयमाला, आप की फर्माईश, रात्री दहाचं छायागीत, या कार्यक्रमांची नावं इथे लोक घरच्या माणसांसारखी घेतात. त्यातलं छायागीत मला सगळ्यांत जास्त विचारपूर्वक केलेलं वाटतं, कारण तिथे निवेदक स्वतः एक विषय धरतो, पाऊस म्हणा, वाट पाहणं म्हणा, आणि त्याभोवती स्वतःच्या पसंतीची गाणी ओवतो, मधे दोन-चार वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो.

गाण्यांची लांबीही रेडिओला बरोबर बसायची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून संगीतकाराला सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, दोन-तीन अंतरे सगळं तेवढ्यातच आटपावं लागायचं, गाणं लांब असलं तर रेकॉर्ड उलटायला लागायची. अर्ध्या तासात निवेदनासकट सहा-सात गाणी आरामात व्हायची. त्यात फालतू काही उरायचंच नाही, आणि आज पण ती गाणी पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येतात ते त्यामुळेच असं माझं मत आहे.

निवेदकाने गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगायची पद्धत आपल्याला साधी वाटते, पण तीसुद्धा श्रोत्यांनी मिळवलेली आहे. १९४९ च्या 'महल' सिनेमातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलं होतं, लोकांनी हे कोण गातंय म्हणून रेडिओला पत्रांवर पत्रं पाठवली आणि मग लता मंगेशकर हे नाव हवेवर सांगितलं गेलं. रोज नावं ऐकून ऐकून नागपुरातला साधा पानठेलेवाला पण हे मदन मोहनचं, हे रोशनचं असं बिनचूक सांगतो, त्याने संगीत शिकलेलं नसतं.

रात्रीच्या ऐकण्याची मजा निराळी होती. दिवसा वातावरणातला वरचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब जातात, म्हणून रात्री कुठली कुठली स्टेशनं लागायची, मधेच खरखर, मधेच दोन आवाज एकात एक. देशाच्या मध्यावर असल्यामुळे १९८८ मध्ये आकाशवाणीचं रात्रभर चालणारं राष्ट्रीय चॅनल नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून सुरू झालं. रात्रपाळीचे कामगार, हायवेवरचे ट्रकवाले, पेशंटजवळ बसलेले नातेवाईक यांना मध्यरात्रीनंतर तेवढाच एक आवाज सोबतीला असायचा.

टिकण्याचं कारण विचारलं तर लोक पटकन म्हणतात की तेव्हाची गाणीच चांगली होती. ते अर्धं खरं आहे, वाईट गाणी तेव्हा पण भरपूर झाली पण रेडिओने ती पुन्हा लावली नाहीत, चाळणी लागली. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त ठळक राहतात, त्या वयातलं गाणं त्यांच्यासोबत येतं. पण मग १९६० चं गाणं १९८५ ला जन्मलेल्या पोरीला का रडवतं? माझ्या मते कारण हे की तिने ते आईच्या स्वयंपाकघरात ऐकलंय, फोडणीच्या वासात आणि मे महिन्यात कूलरच्या घरघरीत, तिने ते निवडलेलं नव्हतं, ते घरात होतं. रेडिओवर पुढचं गाणं कोणतं ते आपल्या हातात नसतं, आणि त्याच वेळी तेच गाणं इतवारीतला टेलर, महालातली आजी आणि जरीपटक्याचा दुकानदार ऐकत असतो हे मनाला माहीत असतं. गोळीबार चौक, तांडापेठ भागात हातमागावर बसणाऱ्यांचे डोळे, हात, पाय सगळे अडकलेले, कान तेवढे मोकळे, तिथे रेडिओ हा कामाचाच भाग होता.

आता विविध भारती एफएमवर स्वच्छ ऐकू येते, आकाशवाणीच्या ॲपवर पण लागते, आणि २०१७ मध्ये जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा पाच हजार गाणी भरलेला कारवां नावाचा प्लेअर आला तेव्हा पोरांनी आईबाबांना तो घेऊन दिला. शहरात कराओके ग्रुप भरपूर झालेत, सायंटिफिक सभागृहात किंवा रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात निवृत्त बँकवाले, शिक्षिका, डॉक्टर मनापासून रफी-किशोर-लता गातात. गाण्याआधी माईकवर सिनेमाचं नाव, साल, गीतकार, संगीतकार सांगतात, अगदी रेडिओच्या चालीत, आणि एखादं नाव चुकलं तर प्रेक्षकांतून कोणीतरी लगेच बरोबर नाव सांगतं.