शिष्यत्व : धर्मग्रामातील आचरण

शिष्यत्व म्हणजे येशू ख्रिस्ताचे पाचारण ऐकून त्याच्या मागून चालणे. गालील सरोवराच्या काठी जाळी टाकणाऱ्या पेत्र आणि अंद्रिया या भावांना येशूने हाक मारली आणि ते जाळी तिथेच टाकून निघाले, हा प्रसंग बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येतो. वसईच्या कोळीवाड्यात हा उतारा वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांचे हात जाळ्यांना सरावलेले असतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, आटोपल्यावर त्यांना बोटीवरच परतायचे असते. जाळे हातात ठेवूनच त्याच्या मागे कसे जायचे, हा धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायातील (पॅरिशमधील), शिष्यत्वाचा मूळ प्रश्न आहे.

कॅथलिक परंपरेत ‘पाचारण’ हा शब्द दीर्घकाळ धर्मगुरू आणि सिस्टर यांच्यापुरताच राहिला. आजही एखाद्या घरात ‘मुलाला पाचारण आहे’ असे म्हटले, की तो सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जाणार असेच लोक समजतात. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ही समजूत मोडली. पावित्र्याचे पाचारण स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या प्रत्येकाला आहे, असे तिने १९६४च्या चर्चविषयक संविधानात ठामपणे मांडले. ब्राझीलमधील आपारेसिदा येथे २००७ साली लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी ‘शिष्य आणि प्रेषित’ (येशूच्या मागून चालणारा आणि त्याची सुवार्ता सांगायला पाठवलेला) ही जोडी केंद्रस्थानी आणली. तेथील मसुदा समितीचे प्रमुख कार्डिनल बेर्गोलियो पुढे पोप फ्रान्सिस झाले आणि २०१३ साली त्यांनी हाच विचार साऱ्या चर्चपुढे ठेवला.

या विचाराला रोजच्या व्यवहारात उतरवणारी सर्वांत परिणामकारक रचना म्हणजे लहान ख्रिस्ती समूह. धर्मग्राम हजारो माणसांचा असतो; तिथे शेजारीही अनोळखी राहू शकतो. म्हणून आळीतली किंवा इमारतीतली काही कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात. १९८०च्या दशकात मुंबई महाधर्मप्रांतात (आर्चबिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्रात) बिशप बॉस्को पेन्हा यांनी ही पद्धत नेटाने रुजवली. वसई तेव्हा त्याच महाधर्मप्रांतात होती; वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला.

या बैठकांत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने घडवलेली सात पायऱ्यांची पद्धत बरीच वापरली जाते. आधी कोणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलावतो, मग उतारा वाचला जातो. तिसऱ्या पायरीवर ज्याला जो शब्द भिडला तो त्याने मोठ्याने उच्चारायचा. व्याख्यान द्यायचे नाही. चौथी पायरी मौनाची. पाचवीवर तो शब्द आपल्याशी काय बोलला ते सांगायचे. इथे शाळा न शिकलेली आजी आणि महाविद्यालयातला प्राध्यापक एका पातळीवर येतात, आणि पुष्कळदा आजीचेच बोलणे जास्त खोल जाते. सहाव्या पायरीवर समूहाने काय करायचे, कोणी आणि केव्हा करायचे, हे ठरते. सातवी उत्स्फूर्त प्रार्थनेची. सगळा भार सहाव्या पायरीवर आहे. ती घाईत उरकली, की समूहाचे भजनी मंडळ होते: भक्ती असते, पण शेजारच्या आजाऱ्याला डॉक्टरकडे नेणारे कोणी नसते.

धर्मग्रामाच्या कारभारात प्रापंचिकांचा, म्हणजे धर्मगुरू वा सिस्टर नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांचा, वाटा १९८३च्या धर्मविधी संहितेने (चर्चच्या कायद्याने) आखून दिला. तिच्यानुसार अर्थसमिती अनिवार्य आहे, तर पॅरिश कौन्सिल सल्ला देणारी आहे. निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असल्याने कौन्सिलचे बोलणे कितपत ऐकले जाते, हे बरेचसे त्यांच्या स्वभावावर अवलंबून राहते. ही उणीव खरी आहे. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) नेण्याची मुभा प्रापंचिकांना १९७३पासून आहे. फ्रेडरिक ओझानाम या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू कुटुंबांना दोघा-दोघांनी भेटतात. किराणा पोचवणे हा त्यातला सोपा भाग; त्या घरात बसून ऐकत राहणे अवघड.

शिष्यत्व चर्चच्या आवारापुरते नाही, याचा मोठा दाखला वसईनेच दिला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक (१९८३–२००७) फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. विहिरी आटवणारे टँकर आणि बागायती गिळणारी बांधकामे यांच्याविरुद्ध ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र आले. पाण्याचा प्रश्न हा श्रद्धेचाही प्रश्न आहे, हे तिथे मिस्सेनंतरच्या रस्त्यावर दिसले.

बागायतींच्या जागी आता बहुमजली इमारती आहेत आणि त्यांत मंगळूर, गोवा, केरळकडून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. मराठी मिस्सेसोबत इंग्रजी मिस्साही होते, पण दोन मिस्सांचे लोक एकमेकांना फारसे भेटत नाहीत. समूहाची पुढची बैठक कोणाच्या घरी, कोणत्या भाषेत, आणि चौथ्या मजल्यावर नव्याने आलेल्यांना बोलवायला कोण जाणार, हेही सहाव्या पायरीवरच ठरवावे लागते.