मेपलचा रस: धार वेगळी, गोडी वेगळी

अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात आणि कॅनडाच्या क्वेबेकमध्ये फेब्रुवारी सरता सरता मेपल झाडांच्या खोडांना गोड रसासाठी भोकं पाडायला सुरुवात होते. अनिशिनाबे, अबेनाकी हे तिथले मूळ रहिवासी युरोपीय लोक येण्याआधीपासून हा रस आटवत आले आहेत. रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं की रस येतो, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. कारण मात्र कोणी धड सांगू शकत नव्हतं.

१९०३ मध्ये व्हर्मॉंटच्या कृषी प्रयोग केंद्रातल्या जोन्स, एडसन आणि मोर्स यांनी झाडांना दाबमापक लावून घेतलेल्या नोंदी छापल्या. रात्री खोड आत ओढतं, ऊन चढलं की बाहेर ढकलतं. पुढच्या संशोधनात उलगडलं ते असं: मेपलच्या लाकडातल्या तंतुपेशींत पाण्याऐवजी हवा असते. गारठ्यात ती आकसते, भोवती बर्फ धरतं आणि ती आत कोंडली जाते. बर्फ वितळला की हीच हवा रसाला भोकाकडे रेटते. म्हणूनच आठवडाभर सलग ऊब राहिली, तर धार आटते.

गोडीचा हिशेब आदल्या उन्हाळ्यातला. पानांनी तेव्हा साठवलेल्या स्टार्चची थंडीत साखर होते. त्यामुळे मोकळ्यावर वाढलेलं, ऐसपैस डोलाऱ्याचं शुगर मेपल जातीचं झाड गोड. दाटीतलं झाड किंवा रेड मेपल ही दुसरी जात बहुधा फिकी. जोन्स यांच्याच नावाने ८६चा नियम चालतो: ८६ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागा, एक गॅलन सिरपला, म्हणजे रस आटवून केलेल्या पाकाला, किती गॅलन रस लागेल ते कळतं. २ टक्क्यांना ४३, ३ टक्क्यांना जेमतेम २९. म्हणजे एका टक्क्यात सरपणाचा तिसरा हिस्सा वाचला! गुऱ्हाळवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

प्लास्टिकच्या नळ्या आणि व्हॅक्यूम पंप आल्यावर रस भरपूर वाढला. गोडी होती तिथेच राहिली. २०१३ मध्ये व्हर्मॉंट विद्यापीठाच्या संशोधकांनी तर शेंडा छाटलेल्या कोवळ्या मेपलमधूनही व्हॅक्यूमने रस खेचता येतो, असं जाहीर केलं. गोडीसाठी मात्र मुळातच गोड झाडं निवडून वाढवणं हा एक मार्ग. तेही काम संथ, कारण जंगलातलं मेपल भोक पाडण्याजोगं व्हायला चाळीसेक वर्षं घेतं.