जैतापूरला विरोध का झाला, त्याच्या मागचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, कोकणातल्या लोकांना विज्ञान कळत नाही, उगाच घाबरतात. मला हे अजिबात पटत नाही. ही भीती एका दिवसात आलेली नाही आणि अडाणीपणातून तर नाहीच नाही.

सुरुवात कोयना धरणापासून करायला हवी. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होणार नाही असंच तेव्हा मानलं जायचं, पण 1962 नंतर धरणात पाणी साठायला लागलं तसे बारीक धक्के जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. धरण टिकलं, पण तज्ज्ञांचा शब्द शेवटचा हे त्यानंतर कोण कशाला मानेल?

पुढे 1969 ला अमेरिकेत चॉन्सी स्टार या इंजिनिअरने, जो स्वतः अणुऊर्जेतलाच होता, एक हिशोब मांडला की माणूस आपणहून पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या साधारण हजार पट असला तरी चालवून घेतो. नंतर पॉल स्लोविक आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की लोक नुसते मृत्यूचे आकडे बघत नाहीत, धोका आपल्या हातात आहे का, ओळखीचा आहे का, पुढच्या पिढ्यांना भोगावा लागेल का हेही बघतात, आणि मला तरी हे शहाणपणाचंच वाटतं.

आपल्याकडे 1984 ला भोपाळची वायुगळती झाली आणि 1989 ला युनियन कार्बाइड कंपनीशी 47 कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड. म्हणूनच 2010 च्या अणुदायित्व कायद्यात, अपघात झाला तर यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीकडूनही वसुली करता यावी अशी तरतूद आली, जी 2025 ला नवा कायदा येईपर्यंत परदेशी कंपन्यांना खुपत होती.

2010 लाच जैतापूरजवळच्या माडबन, मिठगवाणे भागातल्या सुमारे 938 हेक्टर जमिनीवर 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांना नोव्हेंबरच्या शेवटी पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि आठवड्याभरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात, करारावर सह्या! आधी ठरलं आणि मग विचारलं असं गावांना वाटलं तर त्यात चूक काय? मार्च 2011 मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला, 18 एप्रिलला जवळच्या नाटे गावात आंदोलनावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला.

2013 ला भरपाई हेक्टरी साडेबावीस लाख झाली, बऱ्याच जमीनमालकांनी चेक घेतले आणि लगेच 'बघा, पैशासाठीच चाललं होतं' सुरू झालं. पण साखरी नाटे गावच्या मच्छीमारांचं काय? त्यांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नाही, त्यांना काळजी भट्टीतून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची, मासळी लांब जाण्याची आणि उद्या सुरक्षेच्या नावाखाली खाडीतून होड्या काढायला बंदी येण्याची, आणि हेक्टरी भाव कितीही वाढवला तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.