वाल कच्चे का खात नाहीत?

परवा भाचा आला तेव्हा मी डाळिंब्या सोलत बसले होते. वाल भिजवून, फडक्यात बांधून ठेवलेले, छान मोड आलेले. कोमट पाण्यात टाकून एका टोकाशी चिमटीत दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो आणि साल बोटांत राहतं. एखादा उडून सोफ्याखाली जातो, तो गेलाच. भाचा सहा महिन्यांपासून जिमला जातोय, त्यामुळे हल्ली त्याला ताटात फक्त प्रोटीन दिसतं. चार दाणे उचलून म्हणाला, "मावशी, मोड आलेत ना? मग असेच खायचे. शिजवलं की प्रोटीन मरतं."

मी ते दाणे त्याच्या हातातून काढून घेतले. कच्चे वाल खायचे नाहीत हे घरात कुणालाही विचारलं तरी सांगेल. का, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आधी ते "मरतं" म्हणजे काय, ते बघू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीसच प्रकारचे, पण कुठला मणी कितव्या जागी, यावर सगळा खेळ. ही माळ सरळ लोंबत नाही, ठरावीक घडीत दुमडून बसते, आणि प्रथिनाचं काम त्या घडीवर चालतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं ते घडीमुळे. जंतूंना पकडणारी प्रतिपिंडं, कातडी आणि हाडं धरून ठेवणारं कोलॅजन, अन्न पचवणारी विकरं, सगळ्यांचं तसंच. उष्णता दिली की घडी उलगडते आणि माळा एकमेकींत गुंततात. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच घट्ट होतो, तो याच कारणाने. पण यात माळ तुटत नाही. मणी होते तेवढेच राहतात. मरतं ते प्रथिनाचं काम.

आणि खाणाऱ्याला त्या कामाशी देणंघेणं नसतं, त्याला मणी हवे असतात. कोंबडीच्या किंवा वालाच्या प्रथिनाची घडी आपल्या काही उपयोगाची नाही. पोटातलं आम्ल ती उलगडतं, पेप्सिन नावाचं विकर माळेचे तुकडे करतं, मग लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं आणखी बारीक तुकडे पाडतात. शेवटी सुटे मणी नाहीतर दोन-तीन मण्यांचे तुकडे आतड्यातून आत जातात आणि शरीर त्यातून स्वतःच्या माळा ओवतं. इन्सुलिनची गोळी न देता सुई टोचावी लागते, कारण तेही 51 मण्यांचं प्रथिनच. गिळलं तर आतडं त्याला अन्न समजून पचवून टाकेल. कोलॅजनची महागडी पावडर पिऊन ते कोलॅजन थेट गालावर जाऊन बसेल, असं मानणाऱ्यांनी या इन्सुलिनची आठवण ठेवावी.

म्हणजे शिजवणं हे पचनाचं अर्धं काम बाहेरच उरकणं झालं. कच्च्या अंड्यातलं प्रथिन जेमतेम निम्मं पचतं, उकडलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. कच्ची अंडी फोडून घशात ओतणारे पैलवान निम्मं अंडं वाया घालवतात.

वालाची गोष्ट याच्याही पुढची आहे. झाडाने बी केलं ते आपल्या उसळीसाठी नव्हे. ती कोंबाची शिदोरी आहे, आणि शिदोरी म्हटली की चोर आले. त्यांच्यासाठी वालाने बियांत एक खास प्रथिन भरून ठेवलंय, जे ट्रिप्सिनलाच अडवतं. ट्रिप्सिन माळ कुठेही कापत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन हे मणी आले की त्यांच्या पुढे कापतं. वालातलं हे प्रथिन नेमका तसला मणी पुढे काढून बसतं. ट्रिप्सिन झडप घालतं आणि तिथेच अडकतं. अडकित्त्यात न फुटणारी सुपारी रुतावी, मिटताही येऊ नये आणि उघडताही, तसं. तो अडकित्ता मग बाकीच्या अन्नाला उपयोगाचा राहत नाही.

सोयाबीनमध्येही असलं प्रथिन असतं. 1917 मध्ये अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पुढे कळलं की कच्चं सोयाबीन खाणाऱ्या उंदरांचं स्वादुपिंड फुगतं. ट्रिप्सिन कमी पडतंय म्हणून ते बिचारं आणखी आणखी बनवत बसतं, आणि ते बनवायलाही प्रथिनच खर्ची पडतं. खाऊन तोटा म्हणतात तो हा.

आपल्या वालातलं हे प्रथिन शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं ते मुंबईत, कमला सोहोनी यांनी. माहेरच्या भागवत. 1933 मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं. वाल आणि डबल बी या कडधान्यांतल्या ट्रिप्सिनरोधकांच्या, म्हणजे ट्रिप्सिनला अडवणाऱ्या या प्रथिनांच्या, स्फटिकांवरचं त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्याचं टिपण 1955 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. डाळिंबीची उसळ 'नेचर'पर्यंत पोचली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

आता स्वयंपाकघरात या. भिजवलं की रोधकाचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी मोरीत. मोड आले की बी स्वतःच आपली शिदोरी सोडायला घेतं, त्यात रोधकही थोडा कमी होतो. थोडाच; भाच्याची चूक इथे होती. खरा निकाल लावते ती ओली उष्णता. नुसत्या कोरड्या भाजण्यापेक्षा भिजवून पाण्यात शिजवणं कितीतरी परिणामकारक, कारण ओल्या उष्णतेत घडी लवकर उलगडते. एकदा ती उलगडली की अडकित्त्यात रुतणारी सुपारी साधी खोबऱ्याची चकती होते: रोधकाचेच मणी मग आपल्याला मिळतात. मुगात असे रोधक कमी, म्हणून मोडाचे मूग कच्चे चालतात. कच्च्या राजम्याच्या मात्र वाटेला जाऊ नये. त्यात लेक्टिन नावाचं दुसरंच प्रथिन असतं आणि अर्धवट शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात.

"मग एका वाटीत किती प्रोटीन?" त्याचा खरा प्रश्न. शंभर ग्रॅम सुक्या वालात 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे वाटीभर उसळीला 30 ग्रॅम वाल धरले तर सहा-सात. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या 2020 च्या शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागतं. सत्तर किलोच्या भाच्याला 58. वाटीभर डाळिंब्यांनी भागत नाही हे खरंच. आमटी, दही, अंडं, बांगडा यांची भर हवी. पण मी डाळिंबी भात करणार होते आणि ती जोडी हुशार आहे. तांदळात लायसिन कमी, वालात भरपूर. वालात मेथिओनिन कमी, ती उणीव तांदूळ भरून काढतो. हे दोन्ही मणी शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. एकाच घासात आले पाहिजेत असंही नाही, दिवसभरात आले तरी चालतं.

दोनदा भात घेतल्यावर तो डब्यातले कोरडे वाल चाळत बसला. एक दाणा माझ्यासमोर धरला. त्याला गोल भोक होतं. "मग हा किडा कसा मेला नाही?"

प्रश्न चोख होता. कडधान्यातला भुंगा ट्रिप्सिनवर फारसा विसंबतच नाही. त्याच्या आतड्यात मुख्यतः वेगळ्याच जातीची विकरं असतात, त्यांना ही सुपारी रुतत नाही. कुलूप बदलायच्या आत त्याने किल्ली बदलली. त्याच्यावर आमच्याकडे इलाज एकच, वर्षाच्या वालांना एरंडेल चोळून ठेवायचं. या खेपेला मी चोळलं नव्हतं.