यादी दिसते, तरी फ्लॉपी वाचत नाही

डॉसच्या (आज्ञा टाइप करून चालणाऱ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) जमान्यातल्या संगणकावर सॉफ्टवेअर चढवताना तिसऱ्या-चौथ्या फ्लॉपीवर 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए' असा संदेश येतो. डीआयआर ही यादी दाखवणारी आज्ञा दिली तर मात्र फाइलींची यादी नीट दिसते. मग फ्लॉपी ठीक आहे असं समजून सेटअप पुन्हा पहिल्यापासून चालवला जातो आणि तिथेच अडतो.

कारण तबकडीच्या मांडणीत आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, आणि दर ट्रॅकवर ५१२ बाइटचे १८ सेक्टर, म्हणजे तुकडे, असतात. बूट सेक्टर (सुरुवातीचा सेक्टर), फॅटच्या, म्हणजे कोणती फाइल कुठल्या जागी आहे याच्या तक्त्याच्या, दोन प्रती आणि मुख्य डिरेक्टरी मिळून ३३ सेक्टर लागतात. ते सगळे अगदी बाहेरच्या ट्रॅकवर, दोन्ही बाजूंच्या ३६ सेक्टरांत मावतात. डीआयआर फक्त तेवढंच वाचते. आतले ७९ ट्रॅक तपासलेच जात नाहीत.

म्हणून सेटअप सुरू करण्याआधी संचातली प्रत्येक फ्लॉपी पूर्ण वाचून पाहावी. त्याआधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे मूळ प्रतीवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग 'कॉपी /बी ए:*.* एनयूएल' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. ती फाइली वाचते, पण कुठेच लिहीत नाही. '/बी' गाळू नये. त्याशिवाय वाचन फाइलीत मध्येच भेटलेल्या कंट्रोल-झेड या 'फाइल संपली' अशा खुणेपाशी थांबू शकतं.

चूक आली तर संदेशातला फरक बघावा. 'डेटा एरर' म्हणजे सेक्टर सापडला, पण त्यातल्या मजकुराची सीआरसी बेरीज (मजकूर बिघडला का ते ओळखण्याचा आकडा) जुळली नाही: चुंबकीय खुणा क्षीण झाल्यात, पृष्ठभाग खराब आहे किंवा ड्राइव्हमधलं वाचणारं हेड मळलंय. 'सेक्टर नॉट फाउंड' म्हणजे सेक्टरचा पत्ताच वाचता आला नाही. अशा वेळी हेडच्या अलाइनमेंटचा, म्हणजे ते ट्रॅकवर नेमकं येतं का याचा, संशय घ्यावा. एखादी कोरी फ्लॉपी त्याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करावी. ती तिथे उत्तम चालली, पण दुसऱ्या ड्राइव्हला वाचता आली नाही, तर दोष बहुधा ड्राइव्हचा.

पुन्हा पुन्हा 'रिट्राय' दाबत राहणं सगळ्यात घातक. तबकडीवरचा ऑक्साइडचा चुंबकीय थर सुटत असेल तर तो हेडला चिकटतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. शटर सरकवून तबकडीवर गोल ओरखडे किंवा बुरशी दिसते का ते पाहावं, आणि दिसली तर ती फ्लॉपी बाजूला ठेवावी. हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या बोळ्याने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्यावं. वरच्या हेडचा दांडा फार नाजूक असतो, तो उचलू नये.

एक वेगळाच दोष असा: फ्लॉपी बदलली तरी यादी आधीचीच दिसते आणि सेटअप 'दुसरी डिस्क घाला' असं म्हणत राहतो. इथे फ्लॉपीचा काही दोष नसतो. डिस्क बदलल्याचा संकेत रिबन केबलच्या ३४ क्रमांकाच्या तारेवरून जातो. तो पोचला नाही की डॉस स्मृतीतली जुनीच फॅट खरी धरतं. या अवस्थेत काही लिहिलं तर आधीच्या फ्लॉपीची फॅट नव्या फ्लॉपीवर उतरते आणि तिच्यावरच्या फाइलींचा माग हरवतो. संगणक बंद करून केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, ड्राइव्हवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) तपासावा, आणि दोन वेगळ्या फ्लॉप्या लागोपाठ घालून दोन वेगळ्या याद्या दिसेपर्यंत सेटअप चालवू नये.