दूधविरहित उपचारात्मक आहार

तीव्र कुपोषित बालकांसाठी दुधाची भुकटी न वापरता धान्ये, कडधान्ये व तेलबियांपासून बनवलेला सघन आहार.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी भरला, की ते तीव्र कुपोषित धरले जाते. भूक शाबूत असेल आणि दुसरे आजारपण नसेल, तर अशा बालकावर घरीच उपचार होऊ शकतात. ही सोय झाली ती शेंगदाण्याच्या ‘प्लम्पीनट’ या पेस्टमुळे. फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां व मिशेल लेस्कान यांनी ती १९९६ मध्ये तयार केली. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० किलोकॅलरी असतात. पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसल्याने जंतू वाढत नाहीत; कोपरा फाडायचा आणि मुलाच्या हाती द्यायची, शिजवायचे काही नाही.

या पेस्टमध्ये महाग पडते ती दुधाची भुकटी. २००७ च्या जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ आदींच्या संयुक्त निवेदनाने मात्र निम्मी तरी प्रथिने दुधाची असावीत असे सांगितले होते. दूध वगळून प्रथिनांचे ग्रॅम जुळवणे सोपे असते. खरी गोम पुढे आहे: मका-ज्वारीत लायसिन कमी, सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी (ही दोन्ही प्रथिने घडवणारी अमिनो आम्ले), आणि यांतले फायटेट हे दाण्यांतील नैसर्गिक द्रव्य जस्त व लोह शरीराला लागू देत नाही. झांबियात सोया-मका-ज्वारीची पेस्ट दिलेली दोन वर्षांखालील मुले नेहमीच्या पेस्टच्या तुलनेत कमी प्रमाणात बरी झाली. त्याच मिश्रणात अमिनो आम्ले घातल्यावर मलावीतील चाचणीत (२०१७) ते दुधाच्या पेस्टच्या तोडीस तोड ठरले; रक्तक्षयावर तर सरस. शेंगदाणा-गुळाचा लाडू पौष्टिक खराच, पण तीव्र कुपोषणात तो या पेस्टची जागा घेऊ शकत नाही, त्याचेही कारण हेच: जस्त, पोटॅशियम व जीवनसत्त्वे मोजून घालावी लागतात.

ढाक्यात वेगळाच विचार झाला. तहमीद अहमद व जेफ्री गॉर्डन या संशोधकांच्या चमूने कुपोषित मुलाच्या आतड्यातील जिवाणू वयाच्या मानाने मागे राहिलेले असतात हे धरून हरभरा, सोयाबीन व शेंगदाण्याचे पीठ आणि कच्ची केळी यांचे मिश्रण बनवले. मीरपूरच्या झोपडपट्टीतील १२ ते १८ महिन्यांच्या बालकांना ते तीन महिने दिले. तुलनेच्या आहारात तांदूळ, मसूर आणि दुधाची भुकटी होती, उष्मांकही जास्त होते. तरी वजन अधिक वेगाने वाढले ते केळीच्या मिश्रणावर (२०२१). ही बालके मध्यम कुपोषित होती, तीव्र नव्हे.